मागून काही येत नाही

डाव्या कानात सत्तावीस वर्षांचे माग
अजून चालूच आहेत, बटण सापडत नाही.
उजव्या कानात तेवढंही नाही.

डॉक्टरनं कागदावर निळी रेघ दाखवली,
उतरत उतरत कोपऱ्यात गेलेली.
मी म्हटलं, धागा तुटलाय, गाठ मारून द्या.
राजमणी हसली.
तिचं हसणं मी बघतो.

दिवाळीच्या आधी अक्कलकोट रोडला
उसाची ट्रॉली माझं कोपर पुसून गेली.
ड्रायव्हर उतरून ओरडत होता,
तोंडाच्या आकारावरून आधी कानडी, मग मराठी.
आमच्या घरात तेलुगू.
तिन्ही भाषांतला हॉर्न मला सारखाच मुका.

श्रीलतानं सायकलीला कुलूप घातलं
आणि चावी डाळीच्या डब्यात पुरली.
पोरीला एवढं कळलं नाही,
डाळ आमच्यात रोज शिजते.

दस्तगीरनं पंक्चरच्या वहीवर लिहून दिलं:
काका, कालव्याच्या कडेनं जा.
गाडी नाही, घोडा नाही, नुसता मुरूम.
टायर तेवढे बदलावे लागतील.
खाली टायरची किंमत. धंदा तो धंदा.

पहाटे पाचला निघतो.
वस्तीतून सायकल हातात धरून, चोरासारखी.
हायवे पायी ओलांडायचा.
तेव्हा ती माझं मनगट धरते
आणि मी साठीतला माणूस
शाळेच्या पहिल्या दिवसासारखा पलीकडे जातो.

मग फाटक, अर्धं गंजलेलं.
मोटारी शिरू नयेत म्हणून रोवलेले दोन दगड.
त्यांच्या मधून शेळी जाते,
सायकल जाते,
आम्ही जातो.

ती मागे कॅरियरवर, घडी घातलेल्या चादरीवर.
शहरात तिची बोटं म्हणजे माझे कान.
पाठीवर एक टिचकी: मागून गाडी.
दोन: ट्रक, कडेला हो.
सगळा पंजा: थांब रे बाबा, थांब.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं,
वर ही दुसरी पाळी.

इथे मात्र मुरूम.
तांबडा, रात्रीच्या दवानं जरा दबलेला.
तो मला ऐकू येत नाही, मनगटात येतो.
बारीक खडी दाढेत कळते,
भुसभुशीत जागा पोटरीत.
मागाचा बिघाडही मी असाच ओळखायचो,
लोखंडावर तळहात ठेवून, डोळे मिटून.
मास्तर म्हणायचा, याला कान कशाला पाहिजेत.
ते त्यानं इतकं मनावर घेऊन म्हणायला नको होतं.

'काय येतंय का मागून?'
समोरचे बगळे सगळे एकदम उडाले,
त्यावरून कळलं, मी ओरडलो.

पाठीवर काहीच नाही.
हात आहे, पण नुसता.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
काम नसलेला तिचा हात
मला ओळखीचा नव्हता.

ज्वारीची ताटं एका बाजूला, पाणी एका बाजूला.
पाणी बहुतेक वाजत असणार.
चेन थोडी सैल आहे, तीही वाजत असणार.
वाजू दे.

तिसऱ्या खेपेला, बाभळीच्या वळणावर,
पाठीवर टिचकी.
मी कडेला झालो, पाय टेकला, वळून बघितलं.
वळणापर्यंत वाट रिकामी.
मुरुमावर एकच खूण, आमच्याच टायरची.

ती मानेनं ओढ्याकडे दाखवते:
काटकुळ्या पायांवर पळणारी टिटवी,
चोच उघडते, मिटते, उघडते.
मी म्हणतो, मला काय त्याचं.
राजमणी विचार करते.
मग माझ्या खांद्याखाली, फाटक्या बनियनवर,
एक बोट. जरा थांबून दोन, घाईघाईनं.
पुन्हा एक. पुन्हा दोन.
टिचकीतली शेवटची जरा वर ओढलेली,
जशी विडीला गाठ मारतात.

'असं ओरडते?'
ती मान हलवते.
'इतक्या वेळा?'
ती थांबत नाही.

घरी आलो तर दारात श्रीलता, हातात डाळीचा डबा.
ओठ म्हणाले, कुठे होतात दोघं?
मी राजमणीकडे बघितलं.
ती माझ्या मागे सरकली
आणि पाठीवर
एक.
मग दोन, घाईघाईनं.