त्याच्याहून जुनं

वानाद्झोरच्या स्टँडवर मार्शुत्का भरल्याशिवाय सुटत नाही.
बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी,
टोपीत चार उकडलेली अंडी, एक काकडी, पुडीत मीठ.
मी म्हटलं, मिळतं की तिकडे सगळं.
म्हणाले, मिळायचं.

नदी डाव्या हाताला, मग उजव्या, मग परत डाव्या.
देबेदला कुणाचीच बाजू घेता येत नाही.
मागची शोघिक मावशी बोगदा आला की क्रूस काढते
आणि उजेडात आलो की सुनेचं गाऱ्हाणं
तुटल्या शब्दापासून पुढे नेते.

अलावेर्दी दरीच्या तळाशी.
कड्यावर वस्ती, वस्तीच्या वर मठ.
रोपवेची तार अजून आहे. पाळणा खालच्या स्टेशनात,
त्याच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं बदाम काढलाय.
म्हणून टॅक्सी. ड्रायव्हर हामाझास्प
बाबांना ओळखत नाही, खोकला ओळखतो.
वितळभट्टी ना? दुसरी पाळी?
बाबा म्हणतात, तिसरी.
मग वरपर्यंत दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

सनाहीन म्हणजे ‘हे त्याच्याहून जुनं’,
असं इथले लोक सांगतात.
‘ते’ म्हणजे दरीपलीकडचं हाघपात.
शतकानुशतकं समोरासमोर दोन जावा,
एकीचा मान पाच-दहा वर्षांचा,
आणि तोही नावातच सांगून टाकलेला.

आत गारवा. भिंतींना शेवाळ,
छताच्या भोकातून उजेड येतो, तो थेट जमिनीवर पडतो,
आणि जमीन म्हणजे थडगी.
एकाला एक लागून, पायांनी झिजून गुळगुळीत.
चावीवाली वार्दितेर म्हणते, द्या पाय खुशाल,
त्यांनीच सांगून ठेवलंय, आम्हाला तुडवा.
बाबा भिंतीला धरून कडेकडेनं जातात.
मेलेल्याचं ऐकावं, म्हणतात,
सगळंच नाही.

मेणबत्त्या सात घेतल्या.
मला वाटलं आई, आजी, काका.
वाळूत एकेक खोचताना ते पुटपुटले
एकशे बारा. एकशे चाळीस. सत्त्याण्णव.
बिल्ल्यांचे नंबर.
नावं का नाही, मी विचारलं.
धुरात तोंडं कुठे दिसायची, म्हणाले,
छातीवरचं पितळ तेवढं चमकायचं.

मग निघालो. वेदीला पाठ दाखवायची नाही,
म्हणून उलट पावलांनी,
त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर
आणि मी त्यांचे डोळे: जरा डावीकडे, आता पायरी, आता ऊन.

बाहेर कठड्यावर बसून अंडी सोलली.
समोर हाघपात, नखाएवढं.
टरफलं त्यांनी पुडीत परत बांधली,
मीठ उरलं ते मला चाटायला दिलं
जशी मी अजून सहा वर्षांची.
एक बाई विणलेले मोजे विकत होती.
बाबांनी भाव केला, घेतले नाहीत,
परत गेले, घेतले.

उतरताना म्हणाले, गेटपाशी थांबव.
हामाझास्पनं आधीच वेग कमी केला होता.

गेटला साखळी, साखळीला कुलूप,
कुलपाला गंज, तोही हिरवट.
आत धुराड्यातून काहीच येत नव्हतं.
टेकडीवरची झाडं म्हणे आता पालवतात.
चांगलं झालं, असं मी म्हणणार होते.
त्या धुरानंच तर एकशे बारा गेला, सत्त्याण्णव गेला.
पण बाबांनी टोपी काढली होती.

किती वेळ ते मोजलं नाही.
मग ते वळलेच नाहीत.
एक पाऊल मागे. दुसरं.
डोळे गेटवर, एक हात हवेत,
खांदा चाचपडत.

मागे रस्ता होता. ट्रकनं हॉर्न दिला.
मी धावत जाऊन हाताखाली खांदा दिला:
जरा डावीकडे, बाबा,
आता खड्डा,
आता टॅक्सी.