शून्य लिहिताना

पाटोद्याच्या पुढं, बालाघाटाच्या पाठीवर
आमचा माळ. कागदावर चारशे बारा हेक्टर.
कागदाबाहेर तो केवढा, ते सटवाजी गडदेंना ठाऊक;
त्यांनी तो मेंढरांच्या पायांनी मोजलाय.

माझ्याकडं लोखंडी चौकट, एक मीटर बाय एक मीटर,
बीडच्या वेल्डरनं केलेली, एक कोपरा किंचित वर उचललेला.
आणि संगणकानं काढलेले साठ आकडे
ज्यांना या माळाशी काही देणंघेणं नाही.
तेच त्यांचं मोल.

पहिल्या दिवशी सटवाजी म्हणाले,
"साठ जागा कशाला हिंडायलात ताई?
शितावरून भाताची परीक्षा.
इथंच बसा बोरीखाली, मोजा काय ते."
मी म्हणाले, "भात उकळताना खालीवर होतो.
माळ कुणी ढवळलाय?"
ते बराच वेळ मुरमाकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "म्हंजी मोंढ्यातली परखी.
पोत्याच्या तोंडाला आपण टपोरी ज्वारी लावायची, बुडाला डागी,
पण परखी कुठं घुसंल ते आपल्या हाती नसतंय."
एवढं सोपं करून
मला माझ्या सरांनीही सांगितलं नव्हतं.

आषाढ-श्रावण आम्ही आकड्यांमागं गेलो.
एक आकडा काटेरी जाळीत पडला, एक बुजलेल्या बारवेत.
कुसळी सॉक्समधून पोटरीत शिरली.
पहाटे दहा-दहा मिनिटं उभं राहून पक्षी मोजले
आणि कळलं, की 'दिसला नाही' आणि 'नव्हता'
यांच्यामध्ये एक अख्खा चंडोल बसतो,
ढेकळाच्या रंगाचा.

भादव्यात मला हिवताप.
अंबाजोगाईला पंधरा दिवस पडून होते.
तेवढ्यात सटवाजींनी एकोणीस तक्ते भरून आणले,
अक्षर नातीचं, शिवकन्येचं, आठवीतलं, वळणदार.
प्रत्येक चौकटीत आठ जाती, नऊ जाती,
पवन्या, मारवेल, माझ्या यादीतही नसलेलं एक बारकं फूल.
सरासरी वर गेली. आलेख उठून उभा राहिला.
अर्धा दिवस मी आनंदात होते.

मग दिसलं:
एकोणीस तक्त्यांत एकही शून्य नाही.
या माळावर!

विचारलं, तर ते पटक्याचं टोक चाचपत म्हणाले,
"खडकावर पडली की जरा सरकवली चौकट.
दोनच पावलं.
तुम्ही तापानं फणफणलेल्या, तुमाला उघडा माळ कसा दावायचा?
पाव्हण्याला फाटकी वाकळ अंथरतंय का कुणी?"

परिभाषेत याला अभिनती म्हणतात.
नती म्हणजे वाकणं.
परीक्षेत मी त्याचे चार प्रकार लिहून आले होते,
त्यांत हा नव्हता.

एकोणीसच्या एकोणीस नोंदी वगळल्या.
अहवालात कारण लिहिलं: निवड यादृच्छिक नव्हती.
सटवाजींना वाचून दाखवलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही, फक्त दोन दिवस
वाटेत मेंढरांशीच बोलले.

अश्विनात पुन्हा निघालो.
एक्केचाळीसावा आकडा पडला तो थेट कातळावर.
मुरूम, वाळलेली लेंडी, एक मुंगळा.
पलीकडं, दोनच पावलांवर, कंबरभर पवन्या वाऱ्यावर डुलत होता.
मी उगाच बाटली उघडली, पाणी प्यायले.
चौकट खणकन वाजली.

"लिही," सटवाजी म्हणाले.
"काय लिहू बाबा? काहीच नाही इथं."
"तेच लिही.
गोल काढ. तोंड नीट मिटव त्याचं."

शिवकन्येनं पेन्सिलीला थुंकी लावली,
सावकाश काढला गोल, मान तिरकी करून.
"मुंगळा?"
"मुंगळा गवत नसतंय."

वेल्डरनं वाकडा ठेवलेला कोपरा
दगडापासून बोटभर वर राहिला होता.
मुंगळा त्याखालून गेला,
पवन्याच्या दिशेनं.