नमुना सात

तहसीलमधून पुन्हा फोन आला.
अनुक्रमांक तीनशे बारा, खंडारे तुळशीराम गणुजी,
वय एकोणपन्नास,
हे नाव अजून यादीत कसं, मॅडम?
सात वर्षं झाली ना मयत होऊन?

झाली, सर. भरते नमुना सात, म्हटलं.
मागे अंगणवाडीची खिचडी खाली लागत होती.

सावळखेडच्या पाठीला, ई-क्लासच्या उतारावर
पारध्यांचा बेडा. एकोणतीस चुली.
तेव्हा यादीत त्यांतली एकही नव्हती.
तहसील म्हणे, घर क्रमांकाशिवाय नाव चढत नाही.
ग्रामपंचायत म्हणे, यादीत नाही त्याला क्रमांक कसला.
या दोन खिडक्यांमध्ये तुळशीरामनं
दोन उन्हाळे चपला झिजवल्या.
मग एका दुपारी रस्त्याच्या कामावरून
डबाभर डांबर मागून आणलं,
काडीला चिंधी बांधली
आणि एकेका टिनावर आकडा टाकत गेला.
"नंबर पाहिजे म्हणते ना सरकार? त घ्या नंबर."
सतराचा सात उलटा पडला.
पोरं हसली. त्यानं तो तसाच ठेवला.

मग रोज संध्याकाळी, सायकलला पिशवी लटकवून,
माझ्या दारात.
अर्ज, अंगठे, फोटो.
फोटोत सगळ्या बाप्यांच्या अंगात एकच शर्ट,
त्याचा स्वतःचा, लग्नातला.

मी म्हणे, सर्व्हर बंद आहे.
मी म्हणे, शिक्का घरी राहिला.
सर्व्हर चालू होता. शिक्का माझ्या पर्समध्ये.
सरपंचाचा भाऊ तेव्हा आमच्या ओट्यावर येऊन बसे,
माझ्या पोराच्या शाळेची वाट कोणती, विचारी.
अकरा दिवस मी असे काढले.
"बरं बाई, उद्या येतो."
रागावला असता तर बरं झालं असतं.
बाराव्या दिवशी मी अर्ज घेतले.

मतदानाला तीन दिवस होते.
तो नाल्याच्या रपट्याखाली सापडला.
सायकल वर, स्टँडवर, नीट लावलेली.
पिशवीत बेड्याच्या मतदार-चिठ्ठ्या,
एकही भिजली नव्हती.

त्याच चिठ्ठ्या घेऊन रविवारी बेडा आला.
तासभर रांगेत कुणी कुणाशी बोललं नाही.
शाई लागली की जो तो बोट मुठीत झाकून
परत निघे,
शेजारून विस्तव न्यावा तसा.

कोर्टात मी काय सांगितलं
ते इथे लिहीत नाही.
चौघे सुटले. गावात पेढे वाटले,
एक माझ्याही हातावर आला.
खाल्ला नाही. फेकलाही नाही.
दोन दिवसांनी पदराच्या गाठीत मुंग्या झाल्या.

काल एक मुलगी आली, आशमिना पवार.
एक जानेवारीला अठरा पूर्ण.
घर क्रमांक?
सतरा.
पुरावा?
तिनं मोबाइल पुढे केला.
गंजलेलं टिन, उलटा सात.
वीटभट्टीवर गेलो तरी संगं नेतो, म्हणाली,
आई म्हणते, झोपडी राहिली त राहिली,
टिन सोडाचं नाई.

तिचा नमुना सहा मी आधी भरला.

मग सात काढला.
वगळायचे नाव. लिहिलं.
कारण: मृत्यू. तेही.
त्याखाली रकाना आहे,
हरकत घेणाऱ्याचे नाव.

इथे थांबते मी. दरवर्षी इथेच.
ज्यांची हरकत होती
त्यांनी तर कोणताच नमुना भरला नव्हता.
आणि माझं लिहायचं,
तर ते त्या अकरा दिवसांखाली
एकदा लिहून झालंय.

फोन पुन्हा वाजतोय.
हो सर, तीनशे बारा.
हो, चौकशी केली, पत्त्यावर जाऊन आले.
उद्या येतो म्हणाले.