चरा

आमच्या वरच्या मजल्यावरची क्लोटिल्डा घोन्साल्विस,
दिवसभर माझगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात,
होल्ड करा, होल्ड करा,
रात्री चर्चगेटच्या हॉटेलात ब्लूज:
गाणी दुसऱ्यांची, सँडल बहिणीचे.

स्वतःची लिहायची रेशनच्या पावत्यांमागे.
घासलेट संपलं, बाई, घासलेट संपलं,
तीच ओळ दोनदा,
तिसरीत आखातातल्या नवऱ्याला शिवी.
ती हॉटेलात चालत नसत.
जिन्यात चालत. आम्ही पायऱ्यांवर बसून ऐकायचो.

एकच रेकॉर्ड निघाली. नाव चुकीचं छापलेलं.
मग डिस्को आला,
मॅनेजरने शेवटचा हिशोब केला, सँडविचचे पैसे कापून.

परवा चोरबाजारात मला म्हणाली, थांब.
तीनशे, मावशी. दुसऱ्या बाजूला चरा आहे पण.
चरा नाही रे तो,
दमा होता मला.
दीडशेला दे.