दिवस दोनशे बारा

मी आजवर एकोणीस वेळा मेले.
पहिल्यांदा लांडग्यानं, ते समजू शकतं.
दुसऱ्यांदा अर्धकच्चं मांस खाऊन,
आणि सातव्यांदा निव्वळ आळसानं:
शेकोटीत दोनच ओंडके होते,
म्हटलं पुरतील, आणि झोपले.

बाहेर मिरजेत मे महिना.
पंखा तीच गरम हवा ढवळत राहतो,
स्टेशनाकडून मालगाडीचे डबे जोडल्याचे धक्के ऐकू येतात,
आणि पडद्यावर गारठून मरायला टेकलेली मी
पायाशी पडलेली चादर ओढून घेते.

हे सगळं निवासचं.
जाताना कॉम्प्युटर मला देऊन गेला.
आईला म्हणाला, ताईच्या परीक्षेला उपयोगी पडंल.
मला जिन्यात गाठून म्हणाला,
"पळू नगंस. पळालीस की घाम येतो,
घाम गार पडला की संपलीस.
लांडग्याला पाठ दावायची न्हाई.
आन् पेटीतली शेवटची काडी
ही काडी नव्हंच, असं समजायचं."

मी वहीत उतरवून घेतलं,
दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर.
त्याखाली माझं माझं वाढत गेलं:
आभाळ भरलं की आधी पाणी उकळून ठेवायचं.
वाट कोळशानं काढून ठेवायची, आठवणीवर विसंबायचं नाही.
भूक सावकाश मारते, थंडीला घाई असते.
ओझं तीस किलोवर गेलं
तर काय टाकायचं ते उजेडात ठरवावं,
अंधारात माणूस नको ते टाकतं.

दिवसभर दवाखान्यात एक्स-रे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
खेळात घोटा मुरगळला
तर फडकं बांधून चार तास झोपलं की बरा.
हे मी तासगावहून आलेल्या,
ओट्यावरून पडलेल्या बाईंना सांगत नाही.

निवास आता लिथुआनियात ट्रक चालवतो.
म्हणाला, "खरा बर्फ कसला पांढरा, ताई,
कारखान्याच्या मळीगत काळा,
रस्त्याकडंला ढीगच्या ढीग."
मग गप्प झाला.
मग म्हणाला, जेवण चांगलं मिळतं.
थोड्या वेळानं परत म्हणाला, चांगलं मिळतं.

परवा चुकून त्याचा जुना खेळ उघडला गेला.
दिवस दोनशे बारा.
तळ्याकाठची खोपी,
दाराशी लाकडं रचलेली, गंजी लावावी तशी घट्ट,
आढ्याला वाळत घातलेले मासे.
फळीवर अठ्ठावीस काड्या, मी मोजल्या.
तो स्वतः दिसत नाही,
त्याचे हात तेवढे दिसतात, हातमोज्यांना ठिगळं.
दोन वर्षं तसाच उभा होता.
कुणी उघडलं नाही
म्हणून भूक लागली नाही,
तळ्यावरचं ऊन हललं नाही.

मी उघडलं आणि घड्याळ चालू झालं.

हात लावायला धजेना.
नुसती बघत राहिले तर खिडकीत संध्याकाळ झाली,
तहानेची खूण तांबडी.
हे माझ्यामुळं.
मग पाणी पाजलं, मासा दिला,
शेकोटीत चार ओंडके घातले,
पाचवा घातला,
वहीत बघितलं आणि सहावाही घातला.
त्याला अंथरुणात निजवलं.
निजल्याशिवाय त्या खेळात काहीच जपलं जात नाही,
आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही.
दहा तासांची झोप
पडद्यावरच्या गोलात थेंबथेंब भरताना
मी माझाच श्वास धरून ठेवलेला.

उजाडलं. दोनशे तेरा.
बंद केलं.

रविवारी त्याचा फोन आला.
यातलं काही बोलले नाही.
एवढंच विचारलं, काड्या आहेत का रे?
तिकडं वायपर चालू असल्याचा आवाज येत होता.
"काय ताई," म्हणाला, "लायटर हाय की."