घरबिर

दुभाष्याला एकच नियम:
रुग्ण 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं.
म्हणून डंडीच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
आज मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे,
मंदाकिनी टिपणीस,
आणि गेल्या महिन्यात माझ्या मेंदूच्या उजव्या अंगाला
एक बारीकशी नळी बुजली.

डॉक्टर मॅकाय विचारतात, कसं वाटतंय.
"राहून राहून गरगरतं. परवा पडता पडता वाचले."
इंग्रजीत मी पडलेच नाही, थोडक्यात हुकलं.
मराठीत मी दोनदा पडून वाचले होते.

"गोळ्या दोन दोन घेते, सकाळी नि रात्री."
पेन थबकतं. चार?
नाही, दोन, मी म्हणते.
म्हणजे हो, चार. दिवसाच्या.

छातीला नळी लागते. धडधड.
डॉक्टरही तिला लब-डब म्हणतात.
एवढ्यापुरत्या दोन्ही भाषा
जोडीनेच चालतात.

मग खिडकीकडे बघत, आवाज न चढवता:
"मुलगा म्हणतो, घरी चल.
पण ते घर नाही हो.
ते घरबिर आहे."

आता आली पंचाईत.
चहाबिहा म्हणजे चहा, आणि चिवडा, आणि बसा ना थोडं.
'बिहा'ला स्वतःचा अर्थ नाही,
तो चहाच्या मागे उभा राहतो,
लग्नात करवलीच्या मागे उभ्या पोरासारखा.
यांनी मात्र कपातला चहा ओतून टाकला
आणि बिहाच पुढे केला.

"कसब आहे करणाऱ्याचं," मी इंग्रजीत म्हणते,
"जिना तसाच. न्हाणीचा नळ तसाच गळतो.
पोळपाटाचा एक पाय तुटलाय,
तोसुद्धा तिथेच तुटलेला.
आणि तो शिरीष, तो मुलगाबिलगा,
हसताना तसाच डावा डोळा मिटतो.
कुठून शिकून आला असेल?"

सेम आहे, पण सेम नाही? डॉक्टर विचारतात.
इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे राबतो.
आमच्याकडे मध्ये एक 'स' घातला की झालं:
तेच नव्हे, तसंच.
त्या एका 'स'मध्ये माणसं पोथ्या लिहितात,
आणि माझ्याकडे उरली आहेत अकरा मिनिटं.

खिडकीबाहेर टे नदीवरचा रेल्वेपूल.
त्याच्या शेजारी, पाण्यातून डोकं काढून,
आधीच्या कोसळलेल्या पुलाचे बुंधे,
ओळीने, पावलागणिक नव्या पुलासोबत.
त्यांच्यावरून काहीच जात नाही.

त्या घरात काही खरं आहे का?
डॉक्टर हळूच विचारतात. मी तितक्याच हळू.

बराच वेळ काही नाही.
मग: "दही."

"ठाण्याहून आणलेलं विरजण. अकरा वर्षं झाली.
आजचं संपवायचं, त्यातलंच चमचाभर उद्याला.
काल डब्यात आलं होतं. मी चाखलं.
तेच आहे."

पण तुम्ही तर महिनाभर इथेच.
मग लावतं कोण?

"तो लावतो."
त्या गप्प. मीही गप्प, कारण मी त्याच.
"तो मुलगाबिलगा लावतो रोज.
आणि दही तेच.
हे कसं, ते मला नाही सांगता येत,
तुम्हाला येतं का?"

डॉक्टर लिहितात: दही. सेम.
मी बघते. दुरुस्त करत नाही,
दुरुस्त करण्यासारखं त्यात आहे काय?

निघताना त्या मनगट धरतात.
"तू तीच ना, मागच्या मंगळवारची?"
मंगळवारी दुसरी कोणी आली होती.
डॉक्टर माझ्याकडे बघतात, भाषांतरासाठी.
मला विचारताहेत, मी म्हणते,
मी तीच का म्हणून.
आणि त्या खोलीतल्या दोन्ही 'मी'
उत्तराची वाट बघतात.

खाली काउंटरवर तासांचा कागद,
दोन प्रतींत.
दुसरी सही जरा
वेगळीच येते.