कातड्याचा वास

शुक्रवारी सकाळी, मनामात, सहावीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं
आणि जेरविन तुस्कानो उभा राहिला:
"सर, बायबल वरून पडलं का?"

मी हिद्दच्या गोदीत वेल्डर.
वर्ग घेतो तो फादरांनी गळ घातली म्हणून,
नंदाखालच्या देवळात घोकलेलं अजून आठवतं म्हणून.
म्हटलं, देव लेखक आहे.
आणि माणसंही लेखक आहेत, खरीखुरी.
"मग अक्षर कुणाचं?"

अक्षर.
खडू धरून मी फळ्यापाशी तसाच.

खोलीवर आलो, भात लावला, आई आठवली.
तिला अक्षर येत नव्हतं.
पण माझा उजवा हात पहिल्यांदा तिनंच धरला,
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा,
तांदळाच्या पिठानं माखलेल्या बोटांनी.
शर्टावर चार पांढरे ठिपके उठले.
पुस्तक घरात आलं फार नंतर,
माझ्या इथल्या पहिल्या पगारातून.
आधी हात. मग पुस्तक.
हे त्या पोराला सांगायला हवं होतं.

रविवारी गोदीत, कूलरपाशी, मरझूक आपणहून बोलला.
मुहर्रकचा म्हातारा, आमचा स्टोअरकीपर.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा.
गलबतावरचं पाणी संपलं की
बकऱ्याच्या कातड्याची पिशवी घेऊन
तो खाऱ्या समुद्राच्या तळाशी जायचा,
जिथं वाळू उकळल्यासारखी हलते तिथं
पिशवीचं तोंड धरायचा, भरली की अंगठा दाबायचा,
दम आहे तोवर वर.

"गोडं पाणी? समुद्राच्या पोटात?"
"गोडं. पण कातड्याचा वास यायचा.
ज्याच्या त्याच्या पिशवीचा वेगळा.
आजाच्या पाण्याला मेथी लागायची, अल्लाला ठाऊक का."
"आणि पिशवीत समुद्र शिरला तर?"
"नाखवे चाखायचे. मचूळ असेल ती ओतून द्यायचे."
"त्यांना कळायचं कसं?"
मरझूक माझ्याकडे बघत राहिला.
"जन्मभर तेच पाणी पीत आले होते ना."

पुढच्या शुक्रवारी मी फळ्यावर पिशवी काढली.
ती बटाट्यासारखी दिसली. पोरं हसली.
सांगितलं: एक जण भर पत्रात
मागं राहिलेला झगा मागतो.
एक वैद्य, चौकशी करकरून लिहितो.
एक जन्मल्या दिवसालाच शिव्या देतो,
एक नुसता प्रेमात पडलेला.
पाणी त्यांचं नाही. वास त्यांचा.
पिशव्या पुष्कळ होत्या,
ख्रिस्तसभेनं चाखल्या, त्र्याहत्तर ठेवल्या.
आणि पिशवीबाहेर, ओंजळीतून ओंजळीत
जे आलं तेही त्याच झऱ्याचं.
इथं आईचं सांगणार होतो. घसा बसला.

"सर, तो झरा अजून आहे?"

मरझूक म्हणाला होता, बहुतेक आटले,
किनाऱ्यावर लोकांनी फार उपसा केला,
आता कारखान्यात समुद्र गाळतात.
त्या कारखान्याचे पाइप मीही जोडलेत.
काय सांगू?

म्हटलं, शेवटी जो खाली उतरला
तो पिशवी न घेता उतरला.
तिसऱ्या दिवशी वर आला
तेव्हा तोच पाणी होता.
त्यानंतर नवं काही आणायचं उरलं नाही, जेरविन.
प्यायचं मात्र उरलंय. पुष्कळ.

तो उठला, न विचारता कूलरपाशी गेला,
ओंजळ धरली, प्यायला,
बाहीला तोंड पुसलं.
"ह्याला प्लास्टिकचा वास येतो, सर."